फेकायचं पाणी

आभाळ थुंकल्यासारखा पाऊस आला आणि गेला. मेंढरांच्या पाठीवरची धूळ धुतली नाही, नुसते तिच्यावर ठिपके उठले. दोलगोर गायीखाली बसली होती. बादली गुडघ्यांत धरून ती आचळं ओढत होती आणि तळाला लागणारी धार किती बारीक झालीय ते कानानंच ऐकत होती. गायीच्या बरगड्या तिच्या कपाळाला टोचत होत्या.

तिचा नवरा लोदोई गेरच्या दारातून बाहेर आला. नमद्याच्या त्या तंबूचं दार ठेंगणं, त्यामुळं हा उंच माणूस नेहमी आधी टोपी आणि मग माणूस असा बाहेर यायचा. त्याच्या हातात दोन रिकाम्या बादल्या होत्या.

"निघालात का?" दोलगोर म्हणाली.

"टाकी बघून येतो."

"बघा बघा. अख्ख्या उन्हाळ्यात आभाळानं ओंजळभर दिलं, ते फेकायला आमचा माणूस धावतोय. लोक पावसात हात पसरतात, हे बादल्या घेऊन फेकायला जातात."

"काम आहे ते."

"काम! लांडग्याला सांगितलं तर तोही असलं काम करणार नाही."

बादल्यांच्या कड्या वाजवत लोदोई खोऱ्याकडं उतरला.

खोरं म्हणजे गवताचं खोरं. आजूबाजूची चारपाच बिऱ्हाडं उन्हाळाभर तिथं एक जनावर सोडत नसत. पानगळ लागली की सगळ्यांनी मिळून कापायचं आणि हिवाळ्यासाठी रचायचं. बर्फ गुडघ्याला लागलं की मेंढी त्याच गवतावर जगते, नाही तर गेरच्या भिंतीला टेकून मरते. या साली बाहेरचा माळ टकलाच पडला होता. जनावर तोंड लावत नाही असा नुसता शारिल्जचा कडू पाला उरला होता आणि उंदरांची बिळं. हिरवं म्हणावं असं जे काही होतं ते खोऱ्यात. गुडघ्याएवढं यायचं ते घोट्याएवढं आलं होतं, पण होतं.

आणि खोऱ्याच्या मधोमध शहरवाल्यांचं कुंपण. तीन उन्हाळ्यांमागं त्यांनी ते घातलं. आत वाफे आखले, निम्म्या वाफ्यांवर प्लास्टिकच्या पट्ट्यांचं छत बसवलं. छतावर पडलेला पाऊस पन्हाळीतून टाकीत जायचा. टाकीतलं पाणी लांब घळीत नेऊन फेकायचं, म्हणजे छताखालची जमीन तहानलेली राहते. मुद्दाम दुष्काळ करायचा आणि मातीत काय होतं ते बघायचं. जणू आभाळानं केलेला कमी पडत होता! राखणीचं आणि पाणी फेकायचं काम लोदोईनं अंगावर घेतलं, तेव्हापासून शेजारी त्याला बघून गालातल्या गालात हसत. शारव तर तोंडावर म्हणायचा, "दादा, त्या प्लास्टिकला घाबरूनच ढग वळतात की काय?"

दुपारी अनुजिन आली. शहरातली, तिशीची, नाकावर उन्हानं सोललेलं कातडं. जुनी रशियन गाडी तिनं कुंपणाशी थांबवली आणि चहा घ्यायच्या आधी लोखंडी नळी घेऊन आत शिरली. हातोडीनं नळी जमिनीत ठोकायची, फिरवून वर काढायची, नळीतली माती पिशवीत घालायची. लोदोई तिच्या मागं मागं. तिनं भोक पाडलं की तो वाकून ते मातीनं भरायचा, वर चिमूटभर गवत दाबायचा. जमिनीला जखम करून तशीच उघडी टाकायची नसते, हे त्याला त्याच्या बापानं शिकवलेलं. अनुजिन सुरवातीला हसायची, मग तिनं सवय करून घेतली.

संध्याकाळी ती चुलीजवळ बसून मिठाचा दुधाळ चहा फुंकत होती. मोबाइलवर तिनं एक चित्र काढून दोलगोरपुढं धरलं. निळ्याशार मुळात आणखी निळे, केसाहून बारीक दोरे.

"हे बघा मावशी. शाईत शिजवल्यावर दिसतात."

"मुळं शाईत शिजवतेस? बया, तुला घरी मटण कोण देत नाही का?"

अनुजिन हसली. "ही बुरशी आहे. मुळात राहते आणि मुळाच्या बाहेर लांब पसरते. गवताचं मूळ जिथं पोचत नाही तिथून हा धागा ओल ओढून आणतो. बदल्यात गवत त्याला खायला घालतं. आणि मातीचे कण धरून ठेवतो तोही हाच."

"आणि दुष्काळात?"

"दुष्काळात गवतालाच खायला नसतं, ते धाग्याला काय घालणार? धागा उपाशी मरायला हवा. मलाही तेच वाटलं होतं." ती पुढं सरकली. तिचे डोळे चमकत होते. "पण मरत नाही, मावशी! छताखालचा आणि उघड्यावरचा, दोन्हीकडं धागा सारखाच. तीन वर्षं झाली. इथलं गवत आणि इथली बुरशी चिवट आहे. दुष्काळानं मोडत नाही."

दोलगोर उठली. बाहेर गेली आणि माळावरनं शारिल्जचं एक झुडूप उपटून घेऊन आली. उपटायला जोरच लागला नाही. तिनं ते अनुजिनच्या पुढ्यात झटकलं. मुळं नागडी होती, त्यांना मातीचा एक कण चिकटलेला नव्हता. खाली जे पडलं ते पीठ.

"हे मोडलेलं नाही?"

"बाहेर जनावरं चरतात, तुडवतात."

"जनावरं बापजाद्यांपासून चरतायत. माती पीठ आत्ता झाली. तुझं छत तीन वर्षं आहे, त्याच्याखाली धागा धडधाकट. आणि इथं छत नाही तर धागा मेला? हे कुठलं शास्त्र गं?"

"मावशी, मी मोजलंय."

"मोजलंय!"

लोदोई दाराशी बसून घोड्याच्या लगामाला टाका घालत होता. त्यानं मान वर केली नाही.

"हे तू कुणाला सांगितलंयस?" दोलगोरनं विचारलं.

"वसंतातच सांगितलं. तालुक्याला सभा होती, ओचिरसाहेबांनी बोलावलं होतं. त्यांनी खोदून खोदून विचारलं, दुष्काळात या खोऱ्यावर चराई झाली तर गवत परत येईल का. मी म्हटलं, आमच्या कामावरून तसं दिसतं."

दोलगोरनं हातातलं वाडगं खाली आदळलं. तालुक्याचा प्रमुख ओचिर महिनाभर सगळ्यांना फोन करत होता. दक्षिणेतून मोठा घोड्यांचा कळप निघालाय, तिकडं काही उरलं नाही, त्यांना कुठं तरी जागा द्यावी लागेल. कुठं ते तो सांगत नव्हता. परवा सभा होती.

"खोऱ्यात घालणार तो त्यांना," ती म्हणाली. "तुझ्या जिवावर घालणार. हिवाळ्यात आमच्या मेंढ्यांनी काय, तुझी शाई प्यायची?"

अनुजिन काही तरी म्हणाली, ते दोलगोरनं ऐकलं नाही.

पहाटे वासरू सुटलं. दोलगोर त्याच्या मागं खोऱ्यात उतरली. गुडघे कुरकुरत होते, तोंडात धूळ होती, आणि काल ऐकलेलं डोक्यात गोल गोल फिरत होतं. वासरू कुंपणाला अंग घासत उभं होतं. त्याचा कान धरून वळणार तेवढ्यात तिला आत कुणी वाकलेलं दिसलं.

लोदोई छताखाली उकिडवा बसला होता. शेजारी भरलेली बादली. लाकडी पळीनं तो एकेक पळी पाणी उचलत होता आणि गवताच्या बुडाशी सोडत होता. हळू. माती पिते तितकंच. एक बुडखा झाला की बसल्या बसल्या पुढं सरकायचा आणि पुन्हा पळी. ओठ हलत होते.

दोलगोरनं वासराचा कान सोडला.

"काय करताय?"

तो दचकला नाही. पळी बादलीत ठेवून त्यानं तिच्याकडं पाहिलं. जणू कधी ना कधी हे होणारच होतं.

"पाणी देतोय."

"ते पाणी फेकायचंय ना?"

"हो."

"मग?"

"एकदम ओतलं तर वाहून जातं. म्हणून असं देतो."

"मी ते विचारलं नाही! कधीपासून हे?"

"पहिल्यापासून."

"तीन उन्हाळे? तीन उन्हाळे तुम्ही या बादल्या घेऊन घळीकडं जाताय म्हणून सांगताय..."

"घळीकडं जातो म्हणून मी कधीच सांगितलं नाही. टाकी बघतो म्हणायचो." तो उभा राहिला. त्याच्या गुडघ्यांवर ओली माती होती. "आपण सकाळच्या दुधाचा पहिला घोट आभाळाकडं उडवतो. आणि त्याच आभाळानं खाली टाकलेलं मी दगडांवर फेकू? खाली गवत तहानलेलं बघत असताना? माझ्यानं नाही झालं ते."

"मग कामाला हो कशाला म्हणालात?"

"मी नाही म्हणालो असतो तर शारवनं घेतलं असतं. आणि त्यानं खरोखर फेकलं असतं."

असं बोलणाऱ्या माणसाचं करायचं काय? दोलगोरनं जवळचा मातीचा डिखळा उचलून त्याच्याकडं भिरकावला. तो छताच्या खांबाला लागून फुटला.

"तुमच्या पुण्यानं खोरं बुडालं! कळतंय का? त्या पोरीला वाटतंय तिनं दुष्काळ केला. तिनं केलाच नाही! तुम्ही केलाच नाहीत! आणि ती सगळ्यांना सांगत सुटलीय की दुष्काळानं इथं काही होत नाही!"

लोदोईचा चेहरा हळूहळू उतरला. म्हणजे त्याच्या डोक्यात ते आत्ता शिरलं. इतके दिवस त्यानं फक्त गवताकडं पाहिलं होतं. आता त्यानं बादलीकडं पाहिलं. निम्मी भरलेली होती. ती त्याला ओतवेना आणि उचलवेना.

"तिला सांगायला नको," तो पुटपुटला. "पोरगी रडेल."

"रडू दे."

अनुजिन गाडीत झोपली होती. दोलगोरनं काचेवर थाप मारली आणि ती नीट जागी व्हायच्या आत सगळं सांगून टाकलं. आडपडदा नाही, मऊ शब्द नाही. अनुजिन आधी हसली. मग लोदोईकडं पाहिलं. तो टोपी हातात घेऊन उभा होता. तेव्हा तिचं हसू तोंडावरच वाळलं.

"ओलीचं यंत्र," ती म्हणाली. "पहिल्या साली छताखालची ओल उघड्याइतकीच दाखवायचं. मला वाटलं उंदरांनी तारा कुरतडल्यात. बिघडलंय म्हणून मी ते आकडे टाकून दिले. आणि यंत्रच काढून टाकलं."

"चांगलं केलंस," दोलगोर म्हणाली. "एक खरं बोलणारं होतं, त्याला हाकलून दिलंस."

"काका, तुम्ही का..." अनुजिन रडली नाही. चिडलीही नाही. नुसती नाकावरचं सोललेलं कातडं नखानं ओढत राहिली, रक्त आलं तरी. मग मोबाइल घेऊन टेकडीवर चढली, कारण फोन फक्त तिथंच लागतो. खालून तिचे हात दिसत होते. आधी एक हात हलला, मग दोन्ही, मग दोन्ही खाली पडले.

उतरून आली ती पाय ओढत. "विद्यापीठातले आमचे सर म्हणतात, काम छापायला गेलंय. एका गुराख्याच्या तोंडच्या गोष्टीवर मागं घेता येणार नाही. म्हणतात, त्याचं म्हणणं आधी पुराव्यानं सिद्ध कर."

"सिद्ध कर म्हणजे?"

"म्हणजे पुन्हा तीन वर्षं. खरं छत. खरं फेकलेलं पाणी."

"आणि उद्याची सभा?"

"मी येते, मावशी. मी उभी राहून सांगते."

सभा शाळेच्या खोलीत भरली. बाकं पोरांची, त्यामुळं मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ओचिर फळ्यापुढं उभा. वाईट माणूस नव्हता तो, हेच दोलगोरला जास्त सतावत होतं. वाईट असता तर त्याच्यावर थुंकून मोकळं होता आलं असतं.

अनुजिन उभी राहिली. गवत, धागा, छत, पाणी, सगळं तिनं सांगितलं. आपली मापं चुकली हेही सांगितलं. खोलीत कुजबुज झाली. ओचिरनं शांतपणे ऐकून घेतलं.

"लोदोईदादा, खरं हे?"

लोदोई बाकातून उठताना अडकला. दोघांनी हात दिला तेव्हा सुटला. "मी ओतलं," तो म्हणाला. "पळीनं."

मागून कुणी तरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. शारव तर बाक बडवत हसला. "पळीनं! अरे, आमच्या वाट्याचा पाऊस ह्यानं पळीनं वाढला!" लोदोई मान खाली घालून उभाच राहिला. त्याला बसायला कुणी सांगितलं नाही आणि आपण होऊन बसायचं त्याला सुचलं नाही. दोलगोरनं त्याच्या झग्याची बाही ओढून त्याला खाली बसवलं. लाजेनं तिच्या कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या. आणि त्याच वेळी त्या सगळ्यांचे गळे धरावेसे वाटत होते.

"वहिनी," ओचिर म्हणाला, "वसंतात ह्या बाईच म्हणाल्या की इथली माती दुष्काळानं मोडत नाही. आता म्हणतात, मोडते. मध्ये काय घडलं? घोडी निघाली. एवढंच घडलं."

"मी खोटं बोलतेय?" अनुजिन म्हणाली.

"मी तसं म्हणत नाही. पण मी वर काय सांगू? पळीचं सांगू?"

पुन्हा हशा.

"माती बघायला ये ना!" दोलगोर ओरडली. "कुंपणाबाहेरची मूठभर उचल! गवत धाग्याला उपाशी मारतंय, वर घोड्यांनी बुडख्यापर्यंत ओरबाडलं तर दोन्ही जातील! मग पाऊस पडला तरी काय उगवणार? शारिल्ज उगवणार! शारिल्ज खा तू हिवाळ्यात!"

ओचिरनं खडू फळ्याच्या कडेला ठेवला.

"खरं असेल तुमचं. पण घोडी नदीशी आलीत. वाटेत किती पडली त्याची मोजदाद नाही. मी त्यांना काय सांगू, उलटं फिरा आणि मरा? पांढऱ्या हिवाळ्यात, बर्फानं इथली सगळी कुरणं गाडली तेव्हा, तुम्ही उत्तरेला गेला होतात, वहिनी. तिथल्या लोकांनी तुम्हाला आपल्या कुरणात घेतलं. त्यांनी मातीतले धागे मोजून मग घेतलं का?"

दोलगोरनं यावर उत्तर शोधलं. अख्ख्या वाटेवर, फटफटीवर नवऱ्याच्या पाठीला धरून येतानाही शोधलं, आणि सापडलं नाही. तिकडच्या त्या बाईनं त्या हिवाळ्यात आपलं गवत तोडून दिलं होतं. तिचं नावही दोलगोरला आता आठवत नव्हतं. तरी खोऱ्याचं काय व्हायचं ते होणारच होतं. आपणही बरोबर आणि समोरचाही बरोबर, आणि मरणार ते गवत! शिवी घालायची तर कुणाला?

दुसऱ्या दिवसापासून सगळी बिऱ्हाडं खोऱ्यात उतरली. घोडी यायच्या आत हाताला लागेल तेवढं कापायचं. लांब दांड्याचे विळे, जुने, आजोबांच्या वेळचे. गवत उंच असलं की विळा आपोआप चालतो, झोका घेतो. गवत घोट्याएवढं असलं की कमरेत मोडून कापावं लागतं आणि दर वाराला पातं खड्यावर आपटतं. शारवही आला होता. तो आता हसत नव्हता. त्याच्या तळहातावरचे फोड फुटून दांडा चिकट झाला होता. थांबून धार लावताना तो एकदा लोदोईला म्हणाला, "त्या दिवशी बाक बडवलं ते... सोड." लोदोईनं त्याच्याकडं आपला धार लावायचा दगड सरकवला.

कापलेलं गवत उचललं की खाली माती उघडी दिसायची. वाऱ्यानं ती लगेच उडायला लागायची. डोळे लाल, नाक काळं, दातांखाली रेती. दोलगोर कापत होती आणि तिला कळत होतं की घोड्यांनी करायचं ते आपणच करतोय, घोड्यांच्या आधी आणि घोड्यांपेक्षा खोलवर. पण मेंढ्यांना हिवाळ्यात हे समजावून सांगता येणार नव्हतं.

कापत कापत ती कुंपणाशी आली. आतलं गवत सगळ्यात बरं होतं. अनुजिन फाटकाशी उभी होती.

"कापा, मावशी," ती म्हणाली. "आता त्याचं मी काय करू."

"कापलं तर धागा मरेल?"

"या साली... बहुतेक."

"बहुतेक! तुझ्या शास्त्रात दुसरा शब्दच नाही का?"

"नाही," अनुजिन म्हणाली.

दोलगोर आत गेली आणि कापायला लागली. लोदोई आत आला नाही. तो बाहेर, कापलेल्या पट्ट्यात, पाठमोरा बसून राहिला. छताखालचं गवत कापताना तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. तिच्या विळ्याचा आवाज त्याला ऐकू जात होता, तेवढं पुष्कळ होतं. सगळं मिळून जे निघालं ते तिनं दोरीनं बांधलं आणि एकटीनं पाठीवर उचललं. एकटीला उचलता आलं, यावरूनच ते किती होतं ते समजावं.

अनुजिन त्याच संध्याकाळी गेली. जाताना ती लोदोईच्या पाया पडायला वाकली की काय असं वाटलं, पण ती फक्त गाडीच्या चाकाखालचा दगड काढत होती.

घोडी दोन दिवसांनी आली. आधी धूळ, मग आवाज, मग वास. खोऱ्याच्या तोंडाशी ती थबकली, माना खाली घातल्या आणि उभ्या कळपानं एकदम गवताला तोंड लावलं. ओरबाडायचा तो आवाज गेरपर्यंत येत होता. घोडी कसली, कातड्याखाली हाडांचा सापळा. काहींच्या पुठ्ठ्याच्या हाडांवर जखमा होत्या, त्यांवर माश्या. त्यांच्याकडं बघून दोलगोरचा राग जागचा हलेना आणि बाहेरही पडेना.

कळपाबरोबरचा माणूस चालत गेरशी आला. कुत्र्यांना आवर म्हणून लांबूनच हाक दिली, जशी द्यायची असते तशी. पन्नाशीचा, ओठ फाटलेले, पायातला एक बूट तारेनं बांधलेला. पुरेव नाव सांगितलं त्यानं. घोडी त्याची नव्हती, मालक शहरात राहायचा.

दारात आलेल्याला चहा द्यायचा. तो कोण, कशाला आला, हे नंतर. दोलगोरनं चुलीत दोन शेणी सारल्या, चहा गरम केला आणि वाडगं दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरलं. त्यानंही दोन्ही हातांनी घेतलं. वाळवलेल्या दह्याचे खडे त्यानं चघळले नाहीत, झग्यात घातले. वाटेसाठी.

"चांगलं राखलंत तुम्ही खोरं," तो म्हणाला. "वाटेत कुठं असं बघितलं नाही."

लोदोईनं घसा खाकरला.

"तालुक्याचे साहेब म्हणाले, इथली माती चिवट आहे. कुणी शहरातली बाई मोजून गेली म्हणे. जनावरांनी खाल्लं तरी पाऊस पडला की परत येतं." पुरेवनं चहाचा घोट घेतला. "आमच्याकडंही एक असेच आले होते, चष्मेवाले. त्यांनीही माती पिशव्यांत भरून नेली. गेल्याच्या गेल्या साली. म्हणाले, चरू द्या, परत येईल."

"मग?" दोलगोरनं विचारलं. "आलं का परत?"

पुरेवनं वाडगं उपडं करून शेवटचा थेंब तोंडात घेतला. दारातून खाली घोडी दिसत होती. त्यांच्या तोंडांखाली धूळ उडायला लागली होती.

"आलं असतं, ताई," तो म्हणाला, "तर मी इथं कशाला आलो असतो?"

दोलगोरनं हात पुढं करून त्याचं वाडगं घेतलं आणि पुन्हा भरलं.